पिट्सबर्ग: परिषद संपल्यावरची संध्याकाळ

डेव्हिड लॉरेन्स कन्व्हेन्शन सेंटरमधून पाचला सुटलात, तर सरळ माउंट वॉशिंग्टन ही नदीपलीकडची टेकडी गाठा. डाउनटाउनमध्ये 'टी' ही शहराची लोकल ट्रेन फुकट, म्हणून लोक बिनधास्त बसून राहतात. पण टेकडीच्या पायथ्याचं, नदीपलीकडचं स्टेशन स्क्वेअर फुकटात येत नाही. त्यापेक्षा १८८३ च्या स्मिथफील्ड पुलावरून चालत जा, साधारण पंचवीस मिनिटं. समोरच १८७० पासून चालणारी मोनोंगाहेला इन्क्लाइन, म्हणजे उतारावर रुळांवरून वर नेणारी केबलची गाडी. वर पोचलात की ग्रँडव्ह्यू अव्हेन्यूने दीड किलोमीटर पश्चिमेला चाला. तिथून दोन नद्या मिळून ओहायो नदी होताना स्पष्ट दिसतात. तिथल्या दुसऱ्या, ड्यूकेन इन्क्लाइनने उतरू नका. तिचं खालचं स्टेशन क्वचितच सोयीचं पडतं, आल्या वाटेनेच परता. थंडीत वर वारा बोचतो, कानटोपी हवीच. चित्रकार अँडी वॉरहॉलचं म्युझियम? मंगळवारी बंद.