रिपोर्टिंग सॉफ्टवेअर बसवण्याआधी सर्व्हरची गरज कशी ठरवावी

रिपोर्टिंग सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले की प्रथम त्याच्या निर्मात्याने दिलेला किमान गरजांचा तक्ता उघडला जातो आणि बहुतेक ठिकाणी खरेदीचा प्रस्तावही त्यावरूनच तयार होतो. तो तक्ता वाचायलाच हवा, परंतु त्यात उत्तर मिळते ते सॉफ्टवेअर सुरू होईल की नाही, एवढ्याच प्रश्नाचे. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हरसाठी किमान १ जीबी रॅम आणि १.४ गिगाहर्ट्झचा ६४-बिट प्रोसेसर पुरतो असे सांगितलेले आहे. शिफारस मात्र किमान ४ जीबी रॅम आणि २ गिगाहर्ट्झची आहे. किमान क्षमतेच्या यंत्रावर ते बसते, मुखपृष्ठ उघडते, एखादा लहान अहवालही निघतो. महिनाअखेरीस लेखा, विक्री आणि भांडार हे तिन्ही विभाग एकाच तासात अहवाल काढू लागले म्हणजे काय होईल, हे त्या तक्त्यात असू शकत नाही, कारण तुमचे अहवाल निर्मात्याने पाहिलेले नसतात. म्हणून गरज ठरवताना सुरुवात आपल्या अहवालांपासून करावी.

प्रत्येक अहवालाची नोंद करा: तो किती ओळी वाचतो, किती ओळी दाखवतो, कोणत्या वेळी निघतो आणि कोणत्या स्वरूपात बाहेर जातो. यातला शेवटचा मुद्दा हमखास दुर्लक्षिला जातो. पडद्यावर एकेक पान दाखवणे सर्व्हरला सोपे असते. तोच अहवाल एक्सेलमध्ये मागितला की बहुधा संपूर्ण फाइल मेमरीत उभी करावी लागते. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, आणि तेवढ्या ओळी मागणारा वापरकर्ता प्रत्येक संस्थेत असतोच. अशा मागणीला यंत्र मोठे करण्याऐवजी ओळींची मर्यादा घालणे किंवा ते काम रात्रीच्या वेळापत्रकात टाकणे अधिक योग्य, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर एकाच क्षणी किती जण अहवाल चालवतील, हे ठरवावे. नोंदणी झालेल्या वापरकर्त्यांची संख्या येथे फारशी कामाची नाही. जुनी प्रणाली असेल तर तिच्या लॉगमधून, म्हणजे वापराच्या आपोआप होणाऱ्या नोंदींतून, सर्वाधिक गर्दीचा तास शोधा आणि त्या तासात एकाच वेळी चालू असलेल्या अहवालांचा कमाल आकडा घ्या. जुनी प्रणाली नसेल तर विभागप्रमुखांना विचारून अंदाज बांधावा लागतो, आणि तो मुद्दाम थोडा चढाच धरावा. समजा, एकाच वेळी १२ अहवाल चालतात आणि चाचणीत सर्वांत जड अहवालाने ४०० एमबी मेमरी घेतली, तर केवळ अहवालांसाठी सुमारे ५ जीबी लागते. त्यात ऑपरेटिंग सिस्टीम आणि सॉफ्टवेअरची स्वतःची गरज, शिवाय वाढीसाठी काही मोकळी जागा धरली की १६ जीबीचे यंत्र मागण्यामागचे कारण कागदावर दाखवता येते. काही निर्माते यासाठी प्रमाणही देतात. मेटाबेस या रिपोर्टिंग सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शनात एकाच वेळी काम करणाऱ्या दर २० वापरकर्त्यांमागे प्रोसेसरचा १ कोअर आणि २ जीबी रॅम धरलेली आहे. असे प्रमाण आरंभासाठी चांगले असते, पण आपल्या मोजणीची जागा ते घेऊ शकत नाही.

जावावर चालणारे सॉफ्टवेअर असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. वेगळी सूचना दिली नसेल, तर जावा साधारणपणे यंत्राच्या एकूण मेमरीचा चौथा हिस्सा एवढीच हीपची, म्हणजे सॉफ्टवेअरला माहिती ठेवायला मिळणाऱ्या मेमरीची, कमाल मर्यादा धरते. १६ जीबीच्या यंत्रावर सॉफ्टवेअर ४ जीबीतच गुदमरत राहते आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो.

डेटाबेसचा विचार करताना दोन वेगळे डेटाबेस डोळ्यांसमोर ठेवावेत. पहिला सॉफ्टवेअरचा स्वतःचा, ज्यात अहवालांच्या व्याख्या, परवानग्या आणि वेळापत्रके असतात. दुसरा व्यवसायाचा, ज्यातून माहिती वाचली जाते. पहिल्याकडे चाचणीच्या काळात कोणी लक्ष देत नाही. मेटाबेस काहीही न सांगता बसवले तर ते एच२ नावाचा अंतर्गत डेटाबेस वापरते, जो प्रत्यक्ष कामासाठी नाही असे निर्माताच सांगतो. तेथे पोस्टग्रेससारखा स्वतंत्र डेटाबेस सुरुवातीलाच द्यावा, कारण वापर वाढल्यावर तो बदलणे त्रासाचे ठरते. दुसऱ्या डेटाबेसबाबत नियम कडक असावा: ज्या डेटाबेसवर दिवसभराचे व्यवहार नोंदवले जातात, त्यावर जड अहवाल थेट चालवू नयेत. वाचनासाठी वेगळी प्रत ठेवा किंवा रात्रीतून माहिती वेगळ्या साठ्यात आणा. या प्रतीचा खर्च गरजांच्या यादीत पहिल्या दिवशीच लिहिला नाही, तर तो पुढे मंजूर करून घेणे अवघड जाते.

डिस्कबाबत इतकेच सांगावेसे वाटते की सॉफ्टवेअरला लागणारी जागा नगण्य असते. जागा खातात त्या तात्पुरत्या फाइली, कॅश (पुन्हा लागेल म्हणून हाताशी ठेवलेली माहिती), साठवलेले जुने अहवाल आणि लॉग. जुने अहवाल किती दिवस ठेवायचे, हे आधी ठरवले तरच आकडा काढता येतो. शक्य असेल तेथे एसएसडी घ्यावी.

आवृत्त्यांची जुळणी कंटाळवाणी असली तरी बसवण्याचा दिवस बहुधा तिच्यामुळेच वाया जातो. ऑपरेटिंग सिस्टीम, डॉटनेट किंवा जावा, डेटाबेस आणि ब्राउझर या प्रत्येकाची चालणारी आवृत्ती निर्मात्याच्या यादीशी ताडून पाहा, आणि तिचा पाठिंबा कधी संपतो तेही लिहून ठेवा. विंडोज सर्व्हर २०१२ आर२चा विस्तारित (एक्स्टेंडेड) पाठिंबा १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. विंडोज सर्व्हर २०१६चा १२ जानेवारी २०२७ रोजी संपणार आहे. नवी प्रणाली अशा उताराला लागलेल्या सिस्टीमवर उभारू नये. जुन्या माहितीस्रोताशी जोडणी करून देणारा ओडीबीसी ड्रायव्हर ३२-बिटचा असेल तर ६४-बिटचे सॉफ्टवेअर तो वापरू शकत नाही, हेही आधीच पाहावे.

नेटवर्क विभागाला द्यायचे पत्र स्वतंत्र लिहावे, कारण फायरवॉलमधले बदल मंजूर व्हायला वेळ लागतो. वापरकर्त्यांसाठी ४४३ क्रमांकाचा पोर्ट, एसक्यूएल सर्व्हरसाठी सामान्यतः १४३३, पोस्टग्रेससाठी ५४३२, मायएसक्यूएलसाठी ३३०६ आणि ईमेलने अहवाल पाठवायचे असल्यास बहुधा ५८७, असे पोर्ट कोणत्या यंत्राकडून कोणत्या यंत्राकडे उघडायचे ते नेमके नमूद करावे. जोडणी सुरक्षित करणाऱ्या टीएलएस या पद्धतीच्या आवृत्त्या १.० आणि १.१ हे २०२१ मध्ये कालबाह्य ठरवले गेले, त्यामुळे १.२ किंवा त्यापुढचीच आवृत्ती मागावी. केर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीने लॉगिन होणार असेल तर सर्व यंत्रांची घड्याळे जुळलेली हवीत. विंडोज डोमेनमध्ये मूळ सेटिंगनुसार ५ मिनिटांहून अधिक फरक पडला की ओळख नाकारली जाते.

दोन लहान गोष्टी कोणत्याच तक्त्यात ठळक नसतात. सर्व्हरवर लागणारे फाँट नसतील तर पडद्यावर नीट दिसणारा देवनागरी मजकूर पीडीएफमध्ये चौकोन होऊन येतो. लिनक्सच्या किमान स्वरूपातील सर्व्हरवर तर ही अडचण गृहीतच धरावी आणि केवळ अक्षरे नव्हेत, तर जोडाक्षरेही तपासावीत. दुसरी गोष्ट टाइमझोनची. सर्व्हर, डेटाबेस आणि सॉफ्टवेअर यांचे टाइमझोन वेगवेगळे असले की मध्यरात्रीच्या आसपासचे व्यवहार चुकीच्या दिवसात मोजले जातात आणि बेरीज का जुळत नाही ते कोणालाच कळत नाही.

हे सारे ठरल्यावर चाचणीचे यंत्र उभे करा, त्यावर खऱ्या आकाराची माहिती घाला आणि गर्दीच्या तासाएवढे अहवाल एकदम चालवून मेमरी, प्रोसेसर व डिस्क यांचे आकडे नोंदवा. खरेदीचा अंतिम आकडा या नोंदीवरून लिहावा. याच यंत्रावर बॅकअप परत आणण्याचा सरावही करून घ्या. पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हरसारख्या प्रणालीत डेटाबेसच्या बॅकअपबरोबर एन्क्रिप्शन की (गुप्त माहिती उलगडणारी किल्ली) वेगळी जतन करावी लागते. ती हरवली तर साठवलेले पासवर्ड आणि जोडण्यांचे तपशील परत मिळत नाहीत, आणि प्रत्येक माहितीस्रोताची जोडणी पुन्हा हाताने भरावी लागते.