जिप्सीच्या टॅपेट कव्हरची पॅकिंग बदलताना

गाडी उभी राहते तिथे फरशीवर तेलाचा काळा डाग, सिग्नलला थांबलं की ब्लोअरमधून जळक्या तेलाचा वास, आणि गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर: "बोल्ट आवळून देतो, थांबेल." आवळू देऊ नका. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनच्या वरचं झाकण; त्याच्या जोडातली पॅकिंग रबराची असते आणि इंजिनच्या उष्णतेत वर्षानुवर्षं भाजून ती कडक होते. दबली की परत फुगायची, ही तिची ताकदच संपलेली असते. आवळल्यावर चार दिवस डाग पडत नाही, मग पुन्हा पडतो. दरम्यान ॲल्युमिनियमच्या हेडमधले (कव्हर ज्यावर बसतं त्या इंजिनच्या वरच्या भागातले) आटे गेलेले असतात, आणि ते दुरुस्त करायला पॅकिंगच्या कितीतरी पट खर्च येतो.

पुढचं सगळं मी मारुती जिप्सी किंगच्या १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्हच्या एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) इंजिनवर केलेल्या कामावरून सांगतोय. क्वालिस, सुमो किंवा जुनी स्कॉर्पिओ असेल तर बोल्टच्या जागा आणि कव्हरची घडण वेगळी असेल, पण जिथे लोक चुकतात ती जागा सगळीकडे तीच.

आधी खात्री करा

तेल वरून खाली उतरतं आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरतं. त्यामुळे जिथे ओलं दिसतं तिथूनच ते येत असेल असं नाही. इंजिन थंड असताना कव्हरचा सगळा जोड पुसून कोरडा करा, त्यावर साधी टाल्कम पावडर भुरभुरवा आणि दहा-पंधरा किलोमीटर फिरून या. पावडरीत ओली रेघ जिथून सुरू होते, गळती तिथली.

जिप्सीत आणखी एक फसवी जागा आहे. हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला, कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) शेवटाला लागून एक हाउसिंग आहे आणि त्यालाही ओ-रिंग (रबरी कडी) असते. ती गेली की तेल अगदी टॅपेट कव्हरमधून आल्यासारखंच दिसतं. तिथे डोळा पोचत नाही. मोबाइलचा कॅमेरा मागे घालून फोटो काढा. स्पार्क प्लगच्या खळग्यात तेल साचलेलं असेल आणि गाडी मिसिंग मारत असेल, तर मात्र दोष कव्हरच्याच आतल्या ओ-रिंगांचा.

उघडणं

इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, प्लगच्या वायरींवर नंबर टाकलेले, ब्रीदरचा (इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर नेणारा) पाइप सोडवलेला, प्लगच्या खळग्यातली धूळ हवेने उडवलेली. मग बोल्ट काढा. कव्हर चिकटून बसलं असेल तर रबरी हातोडीने बाजूने हलके ठोके द्या. जोडात स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटायचं नाही. त्या एका ओरखड्यातून पुढे कायम तेल झिरपेल. उघडलंच आहे तर टॅपेट सेटिंगही (व्हॉल्व्हची फट जुळवणं) आत्ताच करून घ्या.

जुनी पॅकिंग हातात घेऊन वाकवून पाहा. नवी बोटाभोवती गुंडाळता येते. जुनी काडीसारखी कटकन मोडते आणि तिची खालची कडा दाबून सपाट झालेली असते. हे एकदा बघितलं की बोल्ट आवळण्याचा सल्ला पुन्हा कुणाचा ऐकणार नाही.

बसवणं: सगळं काम इथेच आहे

पहिल्यांदा मी स्वतः हे केलं तेव्हा ओळखीच्या मिस्त्रीने सांगितलं, "पॅकिंगला दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लाव, आयुष्यभर बघायला नको." मी पूर्ण गोल लावलं आणि चांगलं दाबून आवळलं. पंधरा दिवसांत मागच्या कोपऱ्यातून पुन्हा तेल. कारण ओल्या सिलिकॉनवर रबर घसरतं आणि दाब आला की खाचेतून बाहेर सरकतं. याहून वाईट गोष्ट नंतर कळली. जोडातून जेवढं सिलिकॉन बाहेर येतं तेवढंच आतही येतं. बाहेरचं दिसतं म्हणून आपण पुसतो. आतलं तेलात लोंबत राहतं, तुटतं आणि ऑइल पॅनमध्ये उतरतं. पुढच्या वेळी ऑइल पॅन उघडला तेव्हा ऑइल पंपाच्या जाळीला करड्या रंगाच्या तीन पट्ट्या चिकटलेल्या होत्या. ती जाळी अर्धी बुजली तरी बेअरिंगांना तेल कमी पडतं. डाग थांबवण्यासाठी इंजिन पणाला लावू नका. रबराच्या पॅकिंगला सिलिकॉनचं लिंपण नको म्हणजे नको.

मग काय करायचं? सगळ्यात आधी स्वच्छता, आणि इथे घाई अजिबात नको. हेडच्या आत स्वच्छ, धागे न सुटणारं फडकं अंथरा. जोडावरचं जुनं रबर आणि आधीच्या कुणीतरी लावलेलं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. ग्राइंडरची चकती किंवा पॉलिश पेपर ॲल्युमिनियमवर फिरवू नका. त्याची बारीक कच तेलात गेली तर बेअरिंग खाते. कव्हरची खाच दाताच्या जुन्या ब्रशने घासा. फडकं काढताना कडा आत दुमडून उचला, नाहीतर खरवडलेलं सगळं हेडमध्ये पडेल.

आता कोरडेपणा. जोड पुसून तुम्ही पॅकिंग उचलायला वळता, तेवढ्यात हेडमधलं तेल परत कडेवर येतं. गाडी उतारावर उभी असेल तर जास्तच. म्हणून गाडी सपाट जागी हवी आणि ब्रेक क्लीनर लावलेल्या फडक्याने शेवटचा हात कव्हर ठेवायच्या अगदी आधी फिरवायचा. पांढरं फडकं घ्या, पांढरंच निघालं पाहिजे. ब्रेक क्लीनर पेट घेतो, तेव्हा आसपास विडी-सिगारेट नको, आणि सफाईला पेट्रोल तर नकोच.

पॅकिंग कव्हरच्या खाचेत कोरडीच बसवा. आधी चार कोपरे दाबा, मग मधला भाग; एका टोकापासून सुरुवात केली तर शेवटी रबर उरतं आणि तिथे फुगवटा येतो. प्लगच्या खळग्यांच्या ओ-रिंगांना ग्रीसचं अगदी पातळ बोट लावा, म्हणजे कव्हर उलटं केल्यावर त्या गळून पडत नाहीत. सिलिकॉनची जागा एकच: कॅमशाफ्टच्या टोकाची कॅप आणि हेड जिथे मिळतात तो सांधा. तिथे साबुदाण्याच्या दाण्याएवढा आरटीव्हीचा (म्हणजे त्याच सिलिकॉनचा) ठिपका, बस्स. ठिपका लावल्यावर पाच-दहा मिनिटांच्या आत कव्हर बसलं पाहिजे. ते सरळ वरून खाली ठेवायचं, मागेपुढे सरकवायचं नाही. मग मागच्या कडेखालून बोट फिरवून पाहा. पॅकिंग कुठे बाहेर आली असेल तर बोटाला लागते, डोळ्याला दिसत नाही.

बोल्टखालचे रबरी वॉशरही नवेच घाला. त्यांच्यातूनही तेल येतं. सगळे बोल्ट आधी हाताने लावा. मग मधल्यापासून सुरू करून आलटूनपालटून बाहेरच्या बाजूला जा, दोन फेऱ्यांत. ताकद साधारण १० न्यूटन-मीटर, म्हणजे लहान पान्याला मनगटाचा जोर. लांब दांड्याचा पाना या कामाला घेऊच नका. टॉर्क पाना (किती जोर लागला ते दाखवणारा) उसना मिळत असेल तर आणा.

ब्रीदर विसरू नका

नवी पॅकिंग सहा महिन्यांत गळली तर दोष बहुतेक वेळा पॅकिंगचा नसतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह (ब्रीदरच्या वाटेवरची झडप) काजळीने बुजला की इंजिनच्या आतली हवा कोंडते आणि तेलाला सगळ्यात कच्च्या जोडातून बाहेर ढकलते. व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवा. आत खुळखुळलं तर ठीक, नाहीतर नवा घाला. ब्रीदरचा पाइप आतून चिकट झाला असेल तर धुऊन पूर्ण वाळवून लावा.

आरटीव्हीला रात्रभर वेळ द्या. सकाळी गाडी चालू करून दहा मिनिटं जागेवरच ठेवा. मॅनिफोल्डवर सांडलेलं जुनं तेल जळून थोडा धूर येईल, घाबरू नका, पण तो निवेपर्यंत बाजूला उभे राहा. मग जोडावर पुन्हा पावडर भुरभुरवा आणि एखादा घाट चढून या. परत आल्यावर मागच्या कोपऱ्यातली पावडर आधी बघा.