रेशमी साडी, लोकरीचा स्वेटर घरी धुताय? या चुका टाळा

संक्रांतीच्या हळदीकुंकवात साडीवर कुंकू सांडलं की हात आपसूक पाण्याकडे जातो. बोट ओलं करून डाग पुसायला जावं, तर तो आणखी पसरतो. कोरडं कुंकू म्हणजे नुसती पूड. पदर उलटा धरून मागून टिचक्या मारल्या की बरंचसं झडून जातं, उरलेलं मऊ कोरड्या ब्रशने निघतं. पाणी लागलं की मात्र तीच पूड धाग्यात उतरते. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो. तेव्हा घाबरून आणखी साबण चोळू नका. साबणाच्या अल्कलीमुळे हळद लाल होते. साध्या पाण्याने साबण निघून गेला की डाग पुन्हा पिवळ्यावर येतो.

घरी बिघडलेले बहुतेक नाजूक कपडे मला घाईचे बळी वाटतात. कापड कुठलं आहे, रंग पक्का आहे का आणि कपड्याला आणखी काय काय जोडलंय, एवढं आधी बघितलं तर निम्मं नुकसान टळतं. तयार कपड्याच्या आतल्या शिवणीत लेबल असतं. टबच्या चित्रावर फुली असेल तर पाणी लावायचं नाही. नुसतं वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीन. पण वर्तुळासोबत फुली नसलेला टबही असेल, तर तो कपडा पाण्यात चालतो. साड्यांना बहुधा लेबल नसतंच, तिथे पारख आपणच करायची.

रंगाची परीक्षा दोन मिनिटांची आहे, तरी ती टाळली जाते. पांढरा सुती रुमाल ओला करून साडीच्या आत खोचायच्या टोकाला दाबून धरा. अंग, काठ, पदर, प्रत्येक रंग वेगळा तपासा, कारण अंगाचा रंग पक्का असूनही काठाचा मरून सुटू शकतो. रुमालावर रंग आला तर साडी पाण्यात घालूच नका. बादलीत मूठभर मीठ टाकून काही साधत नाही. सुती कापड रंगवताना रंग चढायला मिठाची मदत होते, पण कच्चा रंग मीठ धरून ठेवत नाही.

आता फॉलचं. आईची मोतिया रंगाची सिल्क साडी मी अगदी जपून गार पाण्यात धुतली. रंग टिकला, पोत टिकला, पण वाळल्यावर खालच्या काठाला चुण्याच चुण्या! इस्त्रीने त्या जाईनात. साडी आटली असं वाटून माझा जीव खालीवर झाला. आटला होता फॉल. तो सुती, न भिजवता लावलेला, त्याने आटताना रेशीम आपल्याबरोबर ओढून घेतलं होतं. फॉलची शिलाई उसवली, काठाला उलट्या बाजूने इस्त्री केली आणि फॉल पुन्हा जरा सैल लावून घेतला, तेव्हा काठ सरळ झाला. तेव्हापासून फॉल-बिडिंगला साडी देण्याआधी फॉल रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करूनच देते. ब्लाउजच्या सुती अस्तराचंही हेच करा.

साबणाची चूक लगेच दिसत नाही, म्हणून ती वारंवार होते. रेशीम आणि लोकर ही आपल्या केसांसारखी प्रथिनं आहेत. रोजच्या कपड्यांची पावडर अल्कलीयुक्त असते. शिवाय बऱ्याच पावडरींत रक्ताचे, दुधाचे डाग तोडणारी एन्झाइम असतात, ती डाग सोडून धाग्यालाही लागतात. मग चार-पाच धुण्यांत रेशमाची चमक जाते. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये तर लोकर चक्क विरघळते. इझीसारखं लोकरीच्या कपड्यांसाठीचं लिक्विड वापरा, नाहीतर रिठा. रिठ्याच्या बिया काढून सालं रात्रभर भिजवायची, सकाळी कुस्करून पाणी गाळून घ्यायचं. ते पाणी तपकिरी असतं, तेव्हा पांढऱ्या आणि फिक्या रेशमाला ते नको.

पाणी गार, आणि तीन-चार मिनिटांत कपडा बाहेर. भिजत घालायचा नाही. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असतं, म्हणून पिळू नका. मोठ्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळवा. इस्त्री उलट्या बाजूने, मध्ये सुती कापड ठेवून. इस्त्री करताना रेशमावर पाणी शिंपडलं तर थेंबांच्या कडा उमटतात. उमटल्याच, आणि रंग पक्का असेल, तर तेवढाच भाग न चोळता साडी एकसारखी ओलसर करून वाळवा.

स्वेटर आटतो तो ऊन पाण्याने आणि चोळण्याने. लोकरीच्या धाग्याला बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकून घट्ट बसले की सुटत नाहीत. वाळवतानाही दोरीवर लटकवू नका, ओल्या वजनाने तो ओघळतो. टॉवेलवर आडवा पसरा.

काही कपडे घरी धुवायच्या भरीस पडूच नये. ब्लेझरच्या आत चिकटवलेला थर पाण्यात सुटून वर फुगे येतात. प्युअर क्रेप आणि जॉर्जेटचा धागा भरपूर पिळाचा असल्याने पाण्यात आखडतो. खऱ्या जरीची पैठणी तर नकोच. ती नेसून झाल्यावर सावलीत हवेशीर ठेवा, मग मलमलीत गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळी घाला, नाहीतर घडीवर जर तुटते. तुपाचा डाग पडला तर साध्या टाल्कम पावडरीचा थर रात्रभर ठेवून झटका. तेलकट डागावर पेट्रोल चोळायची सवय कुणाला असेल तर ती आजच सोडा. त्याची वाफ घरभर पसरते आणि देवघरातली एक समईही पेट घ्यायला पुरते.

ड्रायक्लीनला देतानाही एक चूक होते: आपण काही सांगतच नाही. तिथलं द्रावण तेल, तूप, मेकअप छान काढतं. पण पन्हं, उसाचा रस, घाम यांचे डाग पाण्यात विरघळणारे, त्यांना ते फारसं हलवत नाही. वाळल्यावर ते दिसत नाहीत, साडी स्वच्छ वाटते, कपाटात जाते आणि काही महिन्यांनी तिथेच पिवळे-तपकिरी चट्टे उमटतात. इस्त्रीच्या उष्णतेने ते आणखी पक्के होतात, आणि कसरही अशाच जागी आधी लागते. म्हणून लग्नाहून घरी आलात की सांडलेल्या जागेपाशी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा एक सैल टाका घाला, आणि साडी देताना तो दाखवून सांगा, "दादा, इथे पन्हं सांडलंय."