सीडरच्या दलदलीतला डबा

न्यू जर्सीतल्या पाइन बॅरन्समध्ये, व्हॉर्टन स्टेट फॉरेस्टच्या पाणथळात मी जिओकॅश शोधते, म्हणजे जीपीएसच्या आधारे कोणीतरी लपवलेले डबे; आत सही करायला वही असते. तिथे पहिल्यांदाच जाणार असाल तर निघण्याआधी त्या डब्याच्या ऑनलाइन जुन्या नोंदी वाचा, त्यातही डबा न सापडलेल्यांच्या. पाणी कुठवर होतं ते त्यांनीच लिहिलेलं असतं. 'टेरेन'चा, म्हणजे वाट किती अवघड त्याचा, आकडा 5 पैकी 4 किंवा जास्त असेल तर अख्खा दिवस हाताशी ठेवा. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, गाडीची जागा नोंदवा आणि एकट्याने जाऊ नका.

फोनमधला जीपीएसचा बाण नाकासमोर जायला सांगतो, त्याचं ऐकू नका. उपग्रहाच्या चित्रात नदीकाठी गडद, दाट पट्टा दिसतो, तो अटलांटिक व्हाइट सीडरच्या झाडांचा. तिथे पाणी आहेच. पाइनखालची जमीन वाळूची, कोरडी. लांबचा वळसा पडला तरी तिच्यावरूनच जितकं जवळ जाता येईल तितकं जा.

सीडरमध्ये शिरलात की बुंध्याभोवतीच्या मुळांच्या उंचवट्यांवरच पाय द्या. मधलं स्फॅग्नम शेवाळ गादीसारखं दिसतं, पण खाली चहाच्या रंगाचं पाणी आणि गाळ. आधी काठी, मग वजन. मार्चमध्ये माझा डावा पाय गुडघ्याच्या वर रुतला. ओढावा तितका बूट घट्ट बसत होता. मग सावंतवाडीकडच्या आमच्या भातखाचरातली आजीची रीत आठवली: सरळ उपसायचा नाही, टाच डावी-उजवीकडे हलवत पाण्याला वाट करून द्यायची. दोन मिनिटांत बुटासकट पाय बाहेर आला.

दाट झाडीत जीपीएस सहज 10 मीटरने चुकतो. बाण भिरभिरायला लागला की फोन खिशात टाका आणि खोडं बघा. पुराच्या पाण्याची रेषा बुंध्यावर उमटलेली असते. डबा तिच्या वर असणार, पोकळ खोडात नाहीतर उन्मळलेल्या झाडाच्या मुळांत.

हात कोरडे करूनच डबा उघडा. सही पेन्सिलीने करा, दमट कागदावर पेन उठत नाही. बंद करण्याआधी झाकणाच्या रबरावरून बोट फिरवा. वाळूचा एक कण राहिला तरी पाणी आत शिरतं आणि वहीचा लगदा होतो. मला असे दोन डबे मिळालेत, वाईट वाटतं.

पॅन्ट मोज्यांत खोचा. इथल्या गोचिडींमुळे लाइम रोग होतो आणि त्यांची पिल्लं खसखशीएवढी असतात. घरी आल्यावर गुडघ्यांमागे, काखेत, केसांत नीट तपासा. चिकटलेली दिसली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका.