केळ्यातला डीएनए डोळ्यांनी बघायचाय? स्पिरिट बर्फात ठेवा
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं अगदी पिकलेलं, साल काळी पडलेलं केळंच घ्या, कच्चं नको. अर्धं केळं नीट कुस्करायचं, अर्धा कप पाणी, अर्धा चमचा मीठ आणि एक चमचा भांडी घासायचं लिक्विड घालून हलकेच ढवळायचं, फेस काढू नका. साबणाने पेशीचं आणि आतल्या केंद्रकाचं आवरण फुटतं म्हणून डीएनए बाहेर येतो. पातळ कपड्यातून ग्लासात गाळा.

आता खरी गंमत, मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट बर्फात अर्धा तास ठेवलेलं हवं, ते ग्लास तिरका धरून कडेने सावकाश सोडायचं म्हणजे वरती वेगळा थर राहतो, एकदम ओतलंत तर सगळं मिसळतं आणि मुलं हिरमुसतात हो. घरातली फेणी चालत नाही, तिच्यात अल्कोहोल निम्म्याहून कमी. स्पिरिट मोठ्यांनीच ओता, गॅस बंद. पाच-दहा मिनिटांत दोन थरांच्या मधे शेवाळासारखे पांढरट तंतू वर येतात, टूथपिकवर गुंडाळता येतात.

तेव्हाच मुलांना सांगा, आपल्या पेशीत गुणसूत्रांचे, म्हणजे डीएनएच्या गुंडाळ्यांचे, 2 संच म्हणजे 46, आपण खातो त्या बहुतेक केळ्यांत 3 संच, 33, म्हणून तर त्यात बी धरत नाही.