घर सांभाळून पहिली लांब ट्रायथलॉन

ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी शर्यतीची हौस लागली की माणूस आधी सायकलींच्या मागे लागतो. फ्रेम कार्बनची की ॲल्युमिनियमची, यावर तासन्‌तास चर्चा होते. घरात लहान मुलं असतील तर सायकल थांबू शकते. आधी ठरवायचं ते एवढंच: तुम्ही सायकलवर असताना मुलांकडे कोण बघणार, आणि किती महिने?

मी नोकरी करते, घरात दोन मुलं आहेत. आधी अर्ध्या अंतराची स्पर्धा केली, मग पूर्ण. सरावाचे तक्ते कुठेही मिळतात, पण त्यातला बहुतेक कुठलाच रात्री तापलेल्या मुलाच्या उशाशी बसणाऱ्या माणसासाठी बनवलेला नसतो. म्हणून हे लिहिते आहे.

पूर्ण अंतर म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं, तेही एकापाठोपाठ एक. आयर्नमॅन या नावाने भरणाऱ्या लांब ट्रायथलॉनच्या बहुतेक स्पर्धांत त्यासाठी साधारण १७ तास मिळतात. अर्ध्या अंतरात हे सगळं निम्म्यावर येतं आणि वेळ साधारण साडेआठ तासांचा. १९७८ साली हवाईतल्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली, ती जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या नवराबायकोच्या डोक्यातून निघालेली. १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. नवराबायको दोघांनाही एकाच वेळी हे वेड असणं म्हणजे कमालच. आमच्या घराला एकच वेडा परवडतो.

माझं मत विचाराल तर मुलं लहान असताना पहिली स्पर्धा अर्ध्या अंतराचीच धरा. आठवड्याला आठ-दहा तास नियमित मिळाले तर ती नीट पूर्ण करता येते. पूर्ण अंतरासाठी शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत बारा ते पंधरा तास लागायला लागतात आणि सायकलची एकेक फेरी पाच-सहा तासांवर जाते. खरी अडचण इथे सुरू होते.

कारण तक्त्यातले तास आणि घरातून जाणारे तास यांत बराच फरक असतो. तक्त्यात लिहिलेलं असतं: पोहणं, एक तास. त्यात तलावापर्यंत जाणं-येणं, कपडे, अंघोळ, ओले टॉवेल वाळत घालणं धरा, दोन तास सहज जातात. लांब फेरीचं तर विचारूच नका. पाच तास सायकल मारून आलेली आई घरी असते, पण कामाची नसते. मी जमिनीवर आडवी पडलेली, धाकटा माझ्या पोटावर ठोकळ्यांचा मनोरा रचतोय आणि श्वासाबरोबर तो पडला की ‘हलू नको ना’ म्हणून ओरडतोय, असे कितीतरी शनिवार गेले. त्या दुपारचे तीन तासही हिशेबात धरायचे असतात. ते धरले की घरच्यांशी बोलणं प्रामाणिक होतं.

आणि हे बोलणं नोंदणीच्या आधी व्हायला हवं. नवरा उत्साहाने म्हणाला, ‘कर तू, मी बघतो’, तर त्या वाक्याची मुदत किती ते तिथल्या तिथे विचारून घ्या. दोन महिने मदत करणं वेगळं आणि आठ महिने वेगळं. आमचं असं ठरलं: शनिवार पहाट ते दुपार माझी, रविवार सकाळ त्याची, त्यात तो काय करतो हे मी विचारायचं नाही. लांब धावणं मी आठवड्याच्या मधल्या एका पहाटेला टाकलं. शनिवारी लांब सायकल आणि रविवारी लांब धावणं, ही ठरलेली पद्धत चांगलीच आहे. पण त्यात मुलांची अख्खी सुट्टी जाते. एकटे पालक असाल तर वेळ देणारा एक पक्का माणूस हाताशी असल्याशिवाय पूर्ण अंतराच्या नादी लागू नका, असंच मी सांगेन.

सरावात काय जपायचं आणि काय सोडायचं याचा क्रम आधीच ठरवून ठेवा. माझा क्रम होता: लांब सायकल, मग लांब धावणं, मग आठवड्यातला एक जोराचा सराव. बाकी सगळं सोडता येतं. चुकलेला सराव दुसऱ्या दिवशी भरून काढायचा नाही. तसं करता करताच दुखापती होतात. बहुतेक सराव आरामाच्या वेगाने करायचा, म्हणजे पूर्ण वाक्य बोलता येईल इतपत. रात्र जागून काढली असेल तर जोराचा सराव सरळ रद्द. मुलं शाळेतून सर्दी आणणारच. नुसतं नाक वाहत असेल तर हलकं काहीतरी करायला हरकत नाही. ताप असेल किंवा छातीत कफ असेल तर पूर्ण विश्रांती.

घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येईल अशा स्टँडवर, सायकल बसवणं हा पालकांसाठी सगळ्यात मोठा आधार. मुलं झोपलेली असताना तासभर होतो, सिग्नल नाही, उतार नाही, त्यामुळे तो तास भरीव असतो. पण एक गोष्ट बजावून सांगते: फिरणारी चेन आणि चाक यांत लहान बोटं क्षणात जातात. खोलीचं दार आतून बंद करा, आणि सराव नसेल तेव्हाही मूल पेडल फिरवू शकणार नाही अशा जागी सायकल ठेवा.

पोहायला मोठेपणी शिकलेल्यांनी तास वाढवण्याआधी शिक्षक गाठावा. पाण्यात ताकदीपेक्षा पद्धत जास्त कामाला येते. चुकीचा हात हजार वेळा मारून तो नुसता पक्का होतो. आठवड्यातून दोन-तीनदा छोटा सराव एका लांबलचक सरावापेक्षा बरा. स्पर्धेआधी उघड्या पाण्यात काही वेळा तरी उतराच. तिथे तळाशी रेघ नसते, धरायला भिंत नसते, दर सहा-आठ हातांनी डोळे वर काढून दिशा बघावी लागते. एकटं मात्र कधीही उतरू नका.

सायकलवरून उतरून लगेच धावण्याच्या सरावाला ब्रिक म्हणतात. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पहिल्या वेळी पाय दुसऱ्याच कुणाचे तरी लावल्यासारखे वाटतात, थोड्या वेळाने ओळख पटते.

खाण्याचाही सराव लागतो. लांब अंतरात ताशी ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं घ्यायला सांगतात. नुसत्या ग्लुकोजचं शरीर ताशी साधारण ६० ग्रॅमच वापरू शकतं. सोबत फ्रुक्टोज असलं तर आकडा वर जातो. पण सवय नसलेलं पोट स्पर्धेच्या दिवशी बंड करतं, म्हणून जे खायचं ते शनिवारच्या फेऱ्यांतच खाऊन बघा. आणि भीतीपोटी लिटरच्या लिटर साधं पाणी पीत सुटू नका. रक्तातलं सोडियम खाली गेलं तर जिवावर बेततं.

बायकांसाठी दोन गोष्टी, ज्या तक्त्यात नसतात. बाळंतपणानंतर धावायला लागण्याआधी पेल्व्हिक फ्लोअरची, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची, तपासणी फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या; धावताना लघवी गळणं ‘चालायचंच’ म्हणून सोडून देण्यासारखं नाही. आणि सराव वाढल्यावर पाळी लांबली किंवा थांबली तर बहुधा खाणं कमी पडतंय, डॉक्टरांना दाखवा. हृदयाची तपासणी तर सगळ्यांनीच करावी.

स्पर्धेच्या दिवसाचे नियम घरच्यांनाही सांगून ठेवा. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय स्टँडवरून सायकल काढायची नाही, पुढच्याच्या मागे चिकटून सायकल चालवायची नाही, हे तुमचं झालं. पण वाटेत नवऱ्याने प्रेमाने पुढे केलेली बाटली घेणंही बाहेरची मदत धरलं जातं. आयर्नमॅनमध्ये मुलाला हाताशी धरून शेवटची रेषा ओलांडणंही नियमात बसत नाही, बाद करतात. मोठीला हे महिनाभर आधी समजावलं, तरी तिचा चेहरा पडलाच. मग रेषेपलीकडे भेटायची जागा ठरवली.

प्रेक्षक म्हणून मुलांचा दिवस फार लांब असतो. पोहताना शेकडो टोप्यांत आई ओळखू येत नाही आणि सायकलवर ती दोन सेकंदांत निघून जाते. धावण्याचा मार्ग फेऱ्यांचा असेल तर मुलांना तिथेच आणायला सांगा, तेही दुपारची झोप झाल्यावर. सोबत नवऱ्याशिवाय आणखी एक मोठं माणूस हवं.

शेवटचे दोन-तीन आठवडे सराव कमी होतो, त्याला टेपर म्हणतात. घरच्यांना वाटतं, सुटलो. पण याच दिवसांत चिडचिड सगळ्यात जास्त होते, ते आधी सांगून ठेवलेलं बरं. आणि स्पर्धेनंतर निदान महिनाभर पुढची नोंदणी करू नका. आमच्याकडे तो प्रश्न नव्हता. पुढचं वर्ष नवऱ्याच्या परीक्षेचं असं आधीच ठरलं होतं, त्यामुळे आता शनिवार सकाळ त्याची आहे आणि मी ट्रेनरवर.