टॉडलर ग्रुपमध्ये सेवा करायची आहे?

इंग्लंडात नव्याने आलेल्या आपल्याकडच्या बहिणी विचारतात, इथल्या मंडळीत सेवा करायची तर सुरुवात कुठून करू? मी म्हणते, जवळच्या चर्चचा टॉडलर ग्रुप बघा. शाळा चालू असतात त्या दिवसांत आठवड्यातून एकदा, मोठ्यांना शाळेत सोडलं की आया धाकट्यांना घेऊन चर्चच्या हॉलमध्ये जमतात. एक-दोन पौंड फी, खेळणी, चहा, शेवटी बडबडगीतं. यातल्या रविवारी उपासनेला येणाऱ्या थोड्याच. बाकी हिंदू, मुसलमान आणि कुठल्याच धर्माशी देणंघेणं नसलेल्या.

आधी कागदपत्रं. मुलांमध्ये काम करायचं तर डीबीएस तपासणी, म्हणजे आपल्या नावावर गुन्हा नाही ना याची सरकारी पडताळणी, लागते. स्वयंसेवकांना तिचं सरकारी शुल्क पडत नाही. नुकत्याच भारतातून आला असाल तर तिकडचा पोलिसांचा दाखलाही मागतील. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये सेफगार्डिंगचं, म्हणजे मुलांना इजा-छळापासून जपण्याचं, ऑनलाइन प्रशिक्षणही असतं. ते मन लावून करा. लेकराच्या अंगावर वळ दिसला तर आपणच खोदून विचारायचं नाही, पॅरिशच्या (त्या चर्चच्या) सेफगार्डिंग अधिकाऱ्याला कळवायचं. आणि आई कितीही गयावया करो, "कुणाला सांगणार नाही" असा शब्द द्यायचा नाही.

सुरुवातीला तुमच्या वाट्याला चहा आणि फळं येतील. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करायच्या, शेंगदाणे-काजू हॉलमध्ये आणायचेच नाहीत, गरम चहा झाकणाच्या कपातच द्यायचा. खरी सेवा याच टेबलाशी होते, असं माझं मत आहे. समोरासमोर बसवून विचारलं तर जी बाई "सगळं छान" म्हणते, तीच कप धरून उभी असताना, पोराकडे बघत बघत, रात्रभर झोप नाही आणि नवरा बोलत नाही, हे सांगून जाते. नावं लक्षात ठेवा, मुलाचं आणि आईचंही. तिला दिवसभर कुणीच तिच्या नावाने हाक मारत नाही.

मग येशूबद्दल कधी बोलायचं? लपवायचं काहीच नाही. हा चर्चचा ग्रुप आहे आणि पाच मिनिटं बायबलमधली गोष्ट होईल, हे दारातच सांगावं. ज्यांना नको त्या मुलांना घेऊन खेळत बसतात. कुणी विचारलं तर आपला विश्वास आपल्या शब्दांत सांगावा. प्रार्थना करायची तर आधी विचारावं, आणि "नको" म्हटलं तर विषय तिथेच संपवावा. मैत्री हे सुवार्तेचं आमिष झालं की ते बायकांना लगेच कळतं. "या ग्रुपमधून रविवारी किती आल्या?" असं दर बैठकीत मोजणारी माणसं भेटतील, त्यांच्याशी माझं कधी पटलं नाही.

इथे बाळंतपणानंतर दहांत एकीहून जास्त बायकांना नैराश्य येतं. अशा वेळी नुसत्या प्रार्थनेवर थांबू नका. तिच्या हेल्थ व्हिजिटरला (बाळ-बाळंतिणीची विचारपूस करणारी नर्स) किंवा जीपीला (नेहमीचा डॉक्टर) फोन लावायला मदत करा, हवं तर सोबत जा.

बोलायची भीती वाटत असेल तर मेरी सम्नर आठवा. विंचेस्टरजवळच्या ओल्ड ॲल्सफर्डच्या पाळकाची ही बायको. मुलीला बाळ झालं तेव्हा नव्या आयांना आधार हवा, हे तिला जाणवलं आणि 1876 मध्ये तिने गावातल्या आयांना बोलावलं. आयत्या वेळी धीर सुटला, म्हणून सगळ्यांना घरी पाठवून पुढच्या आठवड्यात या म्हणाली. त्यातूनच 'मदर्स युनियन' ही चर्चमधल्या आयांची संघटना उभी राहिली.

आपला मराठीचा उपयोग कुठे होतो, हे मात्र कुणी सांगत नाही. सून-मुलगी कामावर गेली की भारतातून सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली आजी नातवाला घेऊन हॉलमध्ये येते. इंग्रजी येत नाही, म्हणून कोपऱ्यात बसते. "आजी, तुम्ही कुठल्या?" एवढं विचारलं की पुढचा तास तीच बोलते. फक्त तिला चटईवर बसवू नका, उंच खुर्ची द्या. उठताना गुडघे धरतात.